सोमवारी अजिंठा बंद असतो

"जाधव साहेब, आज सोमवार आहे."

"मग? सोमवारी आमच्या प्लांटला वीकली ऑफ. म्हणून तर आजचं बुकिंग दिलं तुम्हाला."

"सोमवारी अजिंठ्यालाही वीकली ऑफ असतो, साहेब."

फोनवर जाधव साहेब हळूच म्हणाले, "पूर्ण बंद?"

"नाही, अर्धी लेणी तुमच्यासाठी उघडी ठेवलीत! अहो, पूर्ण बंद. अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी. हे आमच्या मुकुंदवाडीतला पानटपरीवालासुद्धा सांगेल."

सकाळचे आठ वाजले होते. मी जालना रोडवरच्या एका हॉटेलच्या पोर्चमध्ये उभी होते. गळ्यात गाइडचं सरकारी ओळखपत्र, खांद्यावर पिशवी, पिशवीत टॉर्च. समोर गाडी, गाडी पुसत असलेले शकीलभाई ड्रायव्हर. आणि काचेच्या दारातून बाहेर येत होते ओकादा-सान, माझे त्या दिवसाचे पाहुणे. जपानीत 'सान' म्हणजे आपलं 'साहेब' किंवा 'बाई', दोन्हीला एकच.

चूक कुणाची ते आधी सांगून टाकते. अर्धी जाधव साहेबांची, अर्धी माझी. ते शेंद्र्याच्या एका जपानी कंपनीत एचआर बघतात. रविवारी संध्याकाळी त्यांचा मेसेज आला, 'उद्या फुल डे, जपानी गाइड, वन पॅक्स.' पॅक्स म्हणजे पाहुणा. आमच्या धंद्यात माणसं अशीच मोजतात. कुठं जायचं ते मेसेजमध्ये नव्हतं, अजिंठा म्हणून मला सकाळी शकीलभाईंकडून कळलं. मी विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं, कारण 'जपानी' हा शब्द दिसला आणि पुढचं मला काही दिसलंच नाही.

मी बावीस वर्षं जपानी भाषेची गाइड आहे. एके काळी ऑक्टोबर ते मार्च मला घरी धड जेवायची फुरसत नसायची. जपानहून ग्रुप यायचे, बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. कापडी टोप्या, छोट्या वह्या, पेन्सिली. मी एक वाक्य बोलले की वीस माना हलायच्या आणि वीस पेन्सिली चालायच्या. बुद्धाच्या मूर्तीसमोर ती माणसं हात जोडून उभी राहिली की मलाही बोलणं थांबवावं लागायचं. मग करोना आला, विमानं थांबली, आणि ग्रुप गेले ते गेलेच. आता इंग्रजी-हिंदीत काम चालतं. लोक चांगले असतात. 'मॅडम, सेल्फी कुठून छान येईल' एवढं विचारतात आणि पुढं जातात. पोट भरतं, तक्रार नाही. पण मला त्या भाषेची भूक लागायची. खरंच, भूकच. कुकरच्या शिट्ट्या मी जपानीत मोजायचे. नवरा विचारायचा, "कुणाशी भांडतेस गं?"

तर ओकादा-सान पुढं आले. पन्नाशीचे असतील. इस्त्रीचा शर्ट, केस पाण्यानं बसवलेले. आधी हिंदीत म्हणाले, "नमस्ते मॅडम, चलो." मी जपानीत सुप्रभात म्हणाले आणि त्यांचा चेहराच खुलला. मग मला सांगावंच लागलं की आज अजिंठा बंद आहे.

त्यांना ते क्षणभर कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. तो इस्त्रीच्या शर्टातला माणूस हॉटेलच्या पायरीवर मटकन बसला आणि म्हणाला, "आता आई विश्वास ठेवणार नाही."

मी शेजारी बसले. शकीलभाईंनी फडकं खाली ठेवलं.

ओकादा-सानांची आई शाळेत चित्रकला शिकवायची. ऐंशीच्या पुढची. तिच्याकडं तरुणपणापासून अजिंठ्याच्या चित्रांचं एक जुनं पुस्तक होतं. मुलाची बदली आमच्या शहरात झाली तेव्हा तिनं नकाशात बोट ठेवून पाहिलं, अजिंठा किती जवळ आहे ते. म्हणाली, मी येते. हा म्हणाला, आधी घर लागू दे. मग म्हणाला, आता ऊन फार आहे. मग म्हणाला, प्लांटला नवी लाइन सुरू होतेय, पुढच्या वर्षी ये. तिसऱ्या वर्षी तिची नजर गेली. आता उजेड आणि सावली, एवढंच कळतं तिला. तेव्हा ती म्हणाली, मला दिसत नाही तर तू बघ आणि मला सांग. तू गेलास तरी का कधी?

हा गेलाच नव्हता. तीन वर्षांत एकदाही नाही. उद्या सकाळच्या विमानानं कायमचा परत चालला होता.

"मी तिला शब्द दिलाय," ओकादा-सान म्हणाले. "आज दुपारी लेण्यांतून फोन करतो म्हणून. मी इंजिनिअर आहे, साळवे-सान. मला यंत्र सांगता येतं, चित्र नाही सांगता येत. म्हणून मी गाइड मागितला. तुम्ही तिला सांगा. मी फक्त फोन धरतो."

मी जाधव साहेबांना परत फोन लावला.

"मग वेरूळ दाखवा की," ते म्हणाले. "आज उघडं आहे ना? लेणं ते लेणं."

"साहेब, नवरदेव आला नाही म्हणून त्याच्या भावाशी लग्न लावता का तुम्ही?"

"अहो, चिडू नका हो मॅडम. बरं, असं करा. त्या बाईंना दिसत नाही म्हणता ना? मग हॉटेलातूनच सांगा सगळं. लॉबीत बसा, एसीत. तुम्हाला तर तोंडपाठ आहे. तिकडं जपानात कुणाला कळणार?"

राग आला मला. आणि राग येण्याचं खरं कारण म्हणजे, हे माझ्याही मनात येऊन गेलं होतं. मला खरंच तोंडपाठ आहे. मुकुंदवाडीच्या स्टेशनवर बाकड्यावर बसूनही मी अजिंठा दाखवू शकते.

शकीलभाई इतका वेळ ऐकत होते. गाइडच्या गाडीचे ड्रायव्हर अर्धे गाइडच असतात. ते म्हणाले, "मैडम, लेनी को ताला है, पहाड को थोडी है? व्यू पॉइंट तो खुल्लाच रहता. वहां रेंज भी आती."

मी कपाळावर हात मारला. व्ह्यू पॉइंट! लेण्यांच्या समोर, दरीच्या पलीकडच्या काठावर एक उंच जागा आहे. तिथून अख्खी रांग दिसते. आणि लेण्यांच्या आत मोबाइलला रेंजच मिळत नाही. म्हणजे आज उघडं असतं तरी फोन लागला नसता. हे मात्र मी ओकादा-सानांना तेव्हा सांगितलं नाही. बिचाऱ्याला एका सकाळी किती धक्के द्यायचे?

निघालो. दिल्ली दरवाज्यापाशी मी सवयीनं सुरुवात केली, हा दरवाजा कुणी बांधला, कशासाठी बांधला. ओकादा-सान मान हलवत होते. मग म्हणाले, "इथं साडेआठनंतर आलं की वीस मिनिटं जातात. कंपनीच्या कामाला निघालो की मी बाजूच्या गल्लीतून गाडी घ्यायला सांगतो." हर्सूलच्या पुढं त्यांनी स्वतः शकीलभाईंना थांबायला लावलं. एका टपरीवर गेले, दोन बोटं दाखवली, "अद्रक जादा," म्हणाले. टपरीवाल्यानं न विचारता त्यांच्या कपात साखर कमी टाकली. मी त्या रस्त्यानं हजार वेळा गेले असेन, त्या टपरीवर कधी थांबले नव्हते. आमचे चहाचे थांबे ठरलेले असतात, जिथं टॉयलेट स्वच्छ तिथं.

छावणीच्या आठवडी बाजारात मेथीची जुडी घासाघीस करून कशी घ्यायची, हेही त्यांना माहीत होतं. मकबरा त्यांनी फक्त फ्लॅटच्या गच्चीवरून पाहिला होता. रोज संध्याकाळी पांढरा घुमट दिसायचा आणि रोज वाटायचं, जाऊ एकदा. "गावात राहणाऱ्याला वाटतं, हे कुठं पळून जातंय," ते म्हणाले. "पळून मीच चाललो."

माझ्या गल्लीतली निम्मी माणसं मकबऱ्याला शाळेच्या सहलीनंतर गेलेली नाहीत.

सिल्लोड मागं पडलं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, बायका वेचणीला वाकलेल्या. फर्दापूरच्या अलीकडं लेणापूरचा फाटा धरला. वर पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते, जपानात दुपारचे साडेतीन. वर कुणी नव्हतं. एक बाई शेळ्या चारत होती, तेवढीच.

फोन लावायच्या आधी ओकादा-सान माझ्यापुढं चक्क वाकले. "एक विनंती आहे. बंद आहे असं सांगू नका. तीन वर्षं मी तिला कारणंच दिलीत. हेही कारणच वाटेल. आपण आत आहोत असं सांगा."

मी हो म्हणाले. आता तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. लॉबीतून खोटं बोलायचं नाही म्हणून मी शंभर किलोमीटर आले होते, आणि डोंगरावर उभी राहून खोटं बोलायला तयार झाले.

फोन लागला. आवाज बारीक, पण शिक्षिकेचा. एक एक शब्द सुटा. जपानीत दुसऱ्याच्या आईलाही 'ओकाआ-सान' म्हणतात, म्हणजे 'आई'च. मी म्हणाले, "आई, मी साळवे, गाइड. तुमचा मुलगा माझ्या शेजारी आहे. आता आपण एक नंबरच्या लेण्यात शिरतोय. चपला बाहेर काढल्या. आत अंधार आहे. डोळ्यांना सवय होईपर्यंत जरा थांबू या."

आम्ही याला कॉमेंटरी म्हणतो. ठरलेली वाक्यं, ठरलेल्या जागी. लेण्यात शिरताना मी आवाज खाली आणते, तसा आपोआप खाली आला. डावीकडची भिंत आली. हातात कमळ धरलेला पद्मपाणी आला, त्याचे झुकलेले डोळे आले. जपानी शब्द घरी आल्यासारखे येत होते. इतक्या दिवसांनी! मला इतकं बरं वाटत होतं की आपण कुठं उभे आहोत ते मी विसरलेच.

तेवढ्यात वारा सुटला आणि मागं शेळी ओरडली. पाठोपाठ ती बाई, "ए! तिकडं कडंला कुठं चाललीस? मरायचंय व्हय?"

फोनवर आई म्हणाली, "साळवे-सान, लेण्यात वारा असतो का?"

"थोडा असतो, आई."

"आणि शेळी?"

मी ओकादा-सानांकडं पाहिलं. शाळेत कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखं त्यांचं तोंड झालं होतं. माझंही काही वेगळं नसेल. मी सगळं सांगून टाकलं. आज सोमवार आहे, लेणी बंद आहेत, आम्ही समोरच्या डोंगरावर आहोत, मी खोटं बोलले, माफ करा.

मला वाटलं, आता फोन ठेवणार ती.

मग तिनं विचारलं, "दर सोमवारी बंद असतात?"

"हो आई. दर सोमवारी."

"माझ्या मुलाची सुट्टी कुठल्या वारी असते?"

"सोमवारी."

आणि ती हसायला लागली. आधी बारीक, मग मोठ्यानं, मग खोकला येईपर्यंत. "म्हणजे तीन वर्षं हा मला खोटी कारणं देत होता, आणि खरं कारण याला माहीतच नव्हतं! आणि आज बंद आहे म्हणून कळलं, तर आज गेला?"

"शंभर किलोमीटर आलेत, आई."

"मूर्ख आहे," ती म्हणाली. मुलावर जीव टाकणारी कुठलीही आई ज्या आवाजात म्हणते, त्याच आवाजात. ओकादा-सानांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

मग ती मला म्हणाली, "साळवे-सान, तुम्हाला जे पाठ आहे ते मलाही पाठ आहे. माझ्याकडं पुस्तक होतं. तुम्हाला आता काय दिसतंय ते सांगा."

सांगायला गेले आणि माझी पंचाईत झाली. व्ह्यू पॉइंटवर आमची कॉमेंटरी दोन मिनिटांची. घोड्याच्या नालेच्या आकाराची दरी, खाली वाघोरा नदी, समोर लेणी, चला फोटो काढा. दोन मिनिटं झाली, आई वाट बघतेय. आता?

मग मी पाहायला लागले. खरंच पाहायला. समोरच्या कड्यावर काळे चौकोन ओळीनं होते, लेण्यांची दारं. एरवी त्यांच्यासमोर माणसांची रांग सरकत असते. आज कुणी नव्हतं. एक खाकी कपड्यातला माणूस झाडू मारत होता आणि त्याच्या झाडूची धूळ उन्हात उठून तिथंच बसत होती. नदी म्हणजे हिरव्या पाण्याची चार-पाच डबकी. सावल्या पार पायाशी आलेल्या.

"खडकाचा रंग कसा आहे?" तिनं विचारलं.

बावीस वर्षं मी 'काळा पाषाण' म्हणते. काळा नव्हता तो. तांबूस, करडा, मध्येच करपलेला. मी म्हणाले, "आई, भाताच्या पातेल्याला तळाशी जी खरवड लागते ना, त्या रंगाचा."

जपानीत खरवडीला शब्द आहे. तीही माणसं ती खरवडून खातात. आई एकदम खूश झाली. "आता दिसला," म्हणाली.

अर्धा तास मी बोलत होते. ती विचारत होती, मी बघत होते. शेळीवाली बाई येऊन बसली. काय चाललंय म्हणून विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "आंधळी हाय व्हय म्हातारी? मग पाण्याचा आवाज ऐकीव की. आता पाणी नाय, पर पाखरं तरी ऐकीव." आणि तिनं शेळ्या लांब हाकलल्या. ओकादा-सानांनी फोन दरीकडं धरला. पोपटांचा एक थवा खालून ओरडत गेला.

मग आईनं विचारलं, "सतरा नंबरचं दार कुठलं?"

मी शोधून सांगितलं. तिला सतरा का हवं होतं, ते मला कळलं. तिथं एक चित्र आहे. घर सोडून गेलेला सिद्धार्थ बुद्ध होऊन कित्येक वर्षांनी परत आपल्या दाराशी येतो, हातात भिक्षापात्र. समोर यशोधरा आणि लहानगा राहुल. बुद्ध डोंगराएवढा, मायलेकरं त्याच्या पायाशी एवढीशी. माझं तिथलं वाक्य ठरलेलं, 'आई पोराला बापाच्या पुढं करते.'

"माझ्या पुस्तकात ते पान पुसट छापलेलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही खरं चित्र पाहिलंय. मला सांगा, त्या आईचा हात कुठं आहे? आणि तो हात पोराला पुढं ढकलतोय, की मागं धरतोय?"

मी सतरा नंबरच्या काळ्या दाराकडं पाहिलं.

मला माहीत नव्हतं. त्या चित्रासमोर मी किती वेळा उभी राहिले असेन! पण गाइड चित्राकडं पाठ करून उभा असतो. आमचं तोंड पाहुण्यांकडं.

"माहीत नाही, आई," मी म्हणाले.

"मग बघा आणि सांगा. मला घाई नाही. डोळे गेल्यापासून दिवस मोठे झालेत."

परत शहरात शिरलो तेव्हा चार वाजले होते. मी विचारलं, मकबरा की पाणचक्की? ते म्हणाले, जिथं नुसतं बसता येईल तिथं. पाणचक्कीला मोठ्या वडाच्या सावलीत हौदाच्या कडेला बसलो. मासे वर येत होते, पोरं त्यांना मुरमुरे टाकत होती. मी पाणी कुठून येतं, चक्की कशी फिरते, काही म्हणजे काही सांगितलं नाही. खूप वर्षांनी मी तिथं गप्प बसले होते. लहानपणी वडिलांबरोबर यायचे, तेव्हा असंच बसायचो. वडील गेले त्याला किती वर्षं झाली, आणि हौदाच्या कडेला ते बसायचे त्या जागी मी गेल्या बावीस वर्षांत रोज कुणा ना कुणाला उभं करून फोटो काढलाय. फार आठवण आली त्यांची. ओकादा-सान म्हणाले, "तीन वर्षं हे इथं होतं." मी म्हणाले, "माझ्यासाठी जन्मभर."

मंगळवारी ते गेले. बुधवारी मी अजिंठ्याला गेले. ओळखपत्र घरी ठेवलं, सिल्लोडमार्गे जाणाऱ्या एसटीनं गेले, तिकिटाच्या रांगेत उभी राहिले. वरच्या गार्डनं ओळखलं. "साळवे मॅडम, ग्रुप कुठंय?"

"आज मीच ग्रुप."

"असं व्हय? मग गाइड कोण?"

"तेच शोधायला आले, बाबा."

सतरा नंबरला एका शाळेची सहल आत होती. मी मागं थांबले, इतर पाहुणे थांबतात तशी. कुणाच्या तरी खांद्यावरून बघितलं. मग सहल गेली आणि मी पुढं झाले. रंग उडालाय, जागोजागी गिलावा निघालाय, उजेड मंद. पण हात पोराच्या पाठीशीच आहे. ढकलणारा की धरणारा? मी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, खाली बसून पाहिलं. पहिल्यांदा वाटलं ढकलतोय. मग वाटलं, छे, सोडवत नाहीये तिच्यानं. पंधरा-वीस मिनिटं झाली, गार्ड खोकला, तरी कळेना.

खाली फर्दापूरला दुकानांपाशी रेंज आली. फोन लावला. ओकादा-सान घरी पोचले होते, त्यांनीच उचलला, स्पीकरवर टाकला. मी जे पाहिलं ते सांगितलं. म्हणाले, "आई, हात पाठीवर आहे. पण तो काय करतोय ते मला नाही ठरवता आलं. माफ करा."

"त्यात माफी कसली?" आई म्हणाली. "ते बघणाऱ्याला कसं कळेल? ज्याची पाठ त्याला विचारायचं."

मग तिनं तिथंच, मी ऐकत असताना, मुलाला विचारलं. "तू भारतात निघालास, विमानतळावर मी तुझ्या पाठीवर हात ठेवला होता. तुला काय वाटलं होतं?"

ओकादा-सान म्हणाले, "वाटलं, तू म्हणतेयस, जा."

"बघा, साळवे-सान," ती म्हणाली. "आणि मी धरत होते."

मी फर्दापूरच्या एका माळांच्या दुकानासमोर उभी होते. दुकानदार विचारत होता, "ताई, पाणी देऊ का?" फोनवर भांड्याचा आवाज आला. आई म्हणाली, आता आम्ही जेवायला बसतो, भात झालाय. खरवडही आहे.

घरी आले ती तडक आईकडं गेले. माझी आई मुकुंदवाडीतच राहते, माझ्या भावाकडं, सत्तरीची. तिला सगळं सांगितलं. डोळे पुसत सांगितलं. तिनं शेंगा फोडता फोडता ऐकलं आणि म्हणाली, "आगं, मग ते चित्र मला कवा दाखवतीस?"

बावीस वर्षं मी जपानच्या आयांना अजिंठा दाखवला. आमच्या बौद्ध घरात त्रिशरण म्हणतच मी मोठी झाले. यशोधरा-राहुलाची गोष्ट मला सांगितली ती ह्याच बाईनं. आणि तिला मी एकदाही नेलं नव्हतं. तोंडावर आलं होतं, 'सीझन संपू दे गं.' जिभेवरून परत आत घेतलं ते.

दुसऱ्याच दिवशी शकीलभाईंची गाडी बोलावली. खाली डोलीवाले मागं लागले, उचलून नेतो आजी, बसा. आई म्हणाली, "मी काय नवरी हाय का?" आणि पायऱ्या चढली. चार वेळा बसली, चारही वेळा मला बोल लावले. सतरा नंबरला मी तिला चित्रासमोर उभं केलं आणि या वेळी काहीच सांगितलं नाही. तिनं आधी हात जोडले. मग पदरानं घाम पुसला, एका हातानं गुडघा दाबला, आणि बराच वेळ त्या पोराकडं बघत राहिली. आईच्या हाताकडं नाही, पोराकडं.

"लेकराला कवाचं उभं केलंय गं," ती म्हणाली. "बस म्हणावं त्याला."

धंद्यातला धडा विचाराल तर दोन गोष्टी सांगेन. एक, बुकिंग आलं की आधी वार विचारायचा. दुसरी, सतरा नंबरमध्ये मी आता पाहुण्यांच्या मागं उभी राहते, तोंड भिंतीकडं करून. 'आई पोराला पुढं करते' हे वाक्य काढून टाकलंय. त्या जागी माझ्या आईचं वाक्य सांगते, हिंदीत, इंग्रजीत, कधी नशीब असलं तर जपानीत. लोक हसतात. मग पोराच्या पायांकडं बघतात.